नमद्याच्या चकत्या

"थांबा!" उल्बोसिन ओरडली खरी, पण ते ओरडणं नुसतं सवयीचं होतं. ज्याच्यासाठी ओरडायचं त्याचे कान जाऊन किती वर्षं लोटली होती. तिने पुढे झेप घेतली, नवऱ्याच्या चापानाची, त्या जाड लांब झग्याची, पाठ दोन्ही मुठींत पकडली आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. दोघंही वितळत्या बर्फाच्या चिखलात फतकल मारून बसली. तेवढ्यात टेकडीच्या कापातून इंजिन बाहेर पडलं आणि तेलाच्या टाक्यांची ती लांबलचक गाडी त्यांच्या पुढ्यातून धडधडत जाऊ लागली.

सारसेन गाडीकडे बघत राहिला. टोपी चिखलात पडली होती ती त्याने उचलली, मांडीवर पुसली, डोक्यावर घातली. मग बायकोकडे वळून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाला, "पाहिलंस? पाहिलंस ना? एवढी मोठी गाडी, आणि जमिनीला पत्ताच नाही! माणसं मारायला बसलेत हे लोक. रबर घातलंय म्हणे रबर!"

"हो ना," उल्बोसिन ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. तेवढे तिचे ओठ त्याला वाचता येत. "मेल्यांना अक्कल नाही."

"तू कसं काय ओढलंस मला?"

"पाय घसरला माझा. तुम्हाला धरायला गेले."

गाडी अजून संपली नव्हती. उल्बोसिनच्या बुडाखालची जमीन पिठाच्या चाळणीसारखी हलत होती. इंजिन टेकडीच्या पलीकडे असतानाच तिच्या तळव्यांना ते कळलं होतं. आपल्याला कळलं आणि ह्यांना कळलं नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

सारसेन जन्मभर रेल्वेचा रूळकामगार. ह्या वाळवंटी पठारावर एक छोटं स्टेशन, चार-पाच घरं, एक विहीर, आणि घरांच्या पाठीशी रूळ. खडी ठोकायच्या यंत्रावर उभं राहून राहून त्याचे कान गेले. पहिल्यांदा चंडोलांचं गाणं गेलं, मग बायकोची बडबड गेली ("ह्यात नुकसान काही नाही," असं तो चारचौघांत सांगे), मग इंजिनाची शिट्टीसुद्धा गेली. पण कानांनी गमावलं ते तळव्यांनी कमावलं. रुळांपासून चार पावलांवर तो बूट रोवून उभा राही, डोळे किलकिले करी आणि सांगे, "भरलेली येतेय. पूर्वेकडून. अजून लांब आहे." थंडीत जमीन गोठली की त्याला गाडी फार लांबून कळे, बर्फ वितळून माती भुसभुशीत झाली की जरा उशिरा, पण जास्त हेलकावत. भरल्या टाक्या येताना जमीन खालून कण्हते आणि रिकाम्या वरच्यावर खडखडतात, असं तो म्हणे. स्टेशनातली पोरं मुद्दाम पैज लावत आणि मुद्दाम हरत. म्हातारा निवृत्त झाला, सांडणीच्या दुधावर आणि पेन्शनवर दोघांचं भागू लागलं, तरी "सारसेनचे तळवे" हा शब्द त्या भागात चालत राहिला.

त्याच्या उंटिणी रुळांच्या पलीकडे चरत. विहीरही पलीकडेच. रोज सकाळी तो वाटेने जाई, रुळांपाशी थांबे, जमिनीचं ऐकून घेई, आणि हात वर करून "चला" म्हणे. त्याच्या मागून उल्बोसिन. नवऱ्याच्या, दिराच्या, कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाच्या पुढून वाट कापायची नाही, हे तिला आईने परकर नेसायच्या आधी शिकवलं होतं. पुरुष येत असला तर बाईने वाटेच्या कडेला उभं राहावं, तो गेला की मग आपण जावं. चार मुलींनंतर ती जन्मली तेव्हा बापाने वैतागून नाव ठेवलं उल्बोसिन, म्हणजे "आता तरी मुलगा होवो". ज्या पोरीचं नावच पुढच्या कुणासाठी तरी ठेवलं, तिला मागे चालायचं काय अवघड? सगळा संसार तिने त्या रुंद पाठीकडे बघत केला.

गेल्या शरदात रूळ बदलले. जुने लाकडी स्लीपर गेले, सिमेंटचे आले, आणि त्यांच्याखाली रबराचे जाड तुकडे. "आता आवाज कमी, धक्के कमी," मुकादम म्हणाला. त्यानंतर काही दिवसांनी सारसेन रुळांपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहू लागला. "रबरावरून येते आता, चोरपावलांनी," तो म्हणायचा. उल्बोसिनलाही ते खरं वाटलं होतं.

मग हिवाळ्यात एकदा ती चुलीपाशी कणीक मळत होती आणि तिला लोकर जळाल्याचा वास आला. सारसेन भिंतीला टेकून, चुलीच्या दाराशी पाय पसरून, मजेत सुपारीएवढा वाळका दह्याचा खडा चघळत बसला होता. त्याच्या मोज्यावर निखारा पडला होता. मोजा जळून आत कातडं जळत होतं आणि म्हातारा खडा चघळतच होता. तिने पाणी ओतलं तेव्हा तो चिडून म्हणाला, "काय करतेस गं, मोजा भिजवलास ना!"

शहरातल्या डॉक्टरने रक्त तपासलं. साखर. पायांच्या नसा मेल्यात, तो म्हणाला, आणि हे उलट फिरत नाही. ते सगळं उल्बोसिननेच नवऱ्याला ओठांनी सांगायचं होतं. तिने सांगितलं, "साखर आहे म्हणतात. गोड कमी करा." पायांचं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? कारण सारसेनने केव्हाच सर्वांसमोर शपथ घेऊन ठेवली होती. त्याचा मुलगा झोमार्ट समुद्राकाठच्या शहरात नवव्या मजल्यावर राही आणि दर सणाला म्हणे, "बाबा, या आता इकडे." दर वेळी सारसेन उत्तर देई, "ज्या दिवशी माझे तळवे जातील त्या दिवशी उंटिणी विकीन आणि येईन तुझ्या कबुतरखान्यात. त्याआधी नाव काढू नकोस." म्हाताऱ्याने आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता, हीच तर पंचाईत. त्याचा जुना सोबती असाच मुलाकडे गेला होता. खिडकीत बसून खाली बघत राहिला आणि वर्षाच्या आत मातीआड गेला. उल्बोसिनला नवरा हवा होता, आणि जमिनीवरचा हवा होता.

म्हणून मग तिने एक उद्योग केला. घराची मागची भिंत रुळांकडे. गाडी गेली की काचेच्या कपाटात चहाच्या वाडग्या एकमेकींना लागून किणकिणत. किणकिण त्याला ऐकू येत नसे, पण कापरं दिसे. तिने लोकर दाबून केलेला जाड जुना नमदा काढला, त्याच्या गोल चकत्या कापल्या आणि प्रत्येक दोन वाडग्यांच्या मध्ये एक घातली. कपाटाच्या पायांखाली जाड तुकडे दिले. पाण्याच्या बादलीखाली घडी. लोंबता दिवा आखूड केला. त्याच्या गादीखाली आणखी दोन गाद्या सारल्या. "म्हाताऱ्या हाडांना मऊ हवं," ती म्हणाली. घर शहाण्या मुलासारखं गप्प बसलं आणि सारसेन समाधानाने म्हणाला, "बघ, आता घरसुद्धा हलत नाही. रबर!"

आणि बाहेर ती रोज त्याच्या पाठीला चिकटून चालू लागली. कधी शेण गोळा करायचं निमित्त, कधी विहिरीचं, कधी गुडघे आखडलेत म्हणून. नजर त्याच्या चापानावर आणि सगळा जीव स्वतःच्या तळव्यांत.

त्या चिखलातल्या प्रसंगानंतर तरी म्हाताऱ्याने गप्प बसावं? छे! घरी यायच्या आधी तो तडक शेजारणीच्या दारात गेला. कामशात स्टेशनवर तिकिटं द्यायची, तिच्याकडे चांगला फोन होता.

"लाव फोन रेल्वेच्या मोठ्या कचेरीला," त्याने फर्मावलं. "मला तक्रार करायचीय."

"अहो सारसेनआगा, काय म्हणून करू?"

तिचं बोलणं त्याला कळलं नाही, पण तिने नंबर लावताच त्याने फोनचं तोंड धरलं आणि पठारावरच्या उंटांनीसुद्धा माना वर कराव्यात अशा आवाजात निरोप सांगितला, "मी सारसेन, जुना रूळकामगार! तुम्ही घातलेल्या रुळांनी जमीन हलत नाही! माणसाला, जनावराला गाडी येते हे कळत नाही! जमीन पहिल्यासारखी हलली पाहिजे! संपलं!"

कामशात हसून हसून दाराला टेकली. "अगं उल्बोसिन, जगात सगळीकडे लोक रडतात की गाडीने घर हलतं म्हणून. तुझ्या नवऱ्याला हलवून हवंय! ह्या वयात!"

उल्बोसिनही हसली, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे झाकायला तिने घरभर नमदा पसरला, ते उघडं करायला हा माणूस स्वतः साहेबलोकांना बोलावत होता.

तिने मनाला समजावलं की कोण येतंय इतक्या लांब. कचेरीतले लोक उंटावरून शेळ्या हाकणारे, आणि ह्या भागात उंट असूनही त्यातलं कुणी उंटावर बसून कधी आलेलं नाही.

पण आलं. चिखल थोडा वाळला तेव्हा सकाळच्या गाडीने एक तरुण मुलगी उतरली. पाठीवर पिशवी, हातात धातूची पेटी, पायांत पुरुषाला शोभतील असे बूट. मोल्दिर नाव. मातीचे आणि रुळांचे हादरे मोजायचं तिचं काम. "अशी तक्रार पहिल्यांदाच आली," ती म्हणाली, "म्हणून मीच मागून घेतली." मुलगी हसरी होती, सारसेनला तिने दोन्ही हातांनी सलाम केला, "अता", म्हणजे आजोबा, म्हणून हाक मारली. उल्बोसिनला ती आवडली, आणि आवडली म्हणून आणखी भीती वाटली.

सारसेनच्या अंगात तर विशीचं वारं शिरलं. "इथं पुर तुझं यंत्र. नाही नाही, तिथं खडीचा भराव आहे, खोटं सांगेल. इथं, मूळ मातीत." मोल्दिरने मुठीएवढी एक डबी रुळांजवळ पुरली, एक घराच्या वाटेवर, आणि एक घरात, मागच्या भिंतीशी, सतरंजी बाजूला सारून उघड्या जमिनीवर ठेवली. डब्यांच्या तारा पेटीला जोडल्या. पेटीवर तीन हिरव्या रेघा सरळ झोपल्या होत्या.

सारसेन रुळांच्या अलीकडच्या गोठ्यात गाभण पांढऱ्या उंटिणीला चारा टाकायला गेला आणि तेवढ्यात गाडी आली. उल्बोसिन मुलीच्या खांद्यामागे उभी होती. आधी रुळांजवळची रेघ उठली, मग वाटेवरची, मग घरातली. घरातली ठेंगणी होती पण लांब, सावकाश लाटा घेणारी.

"काय सांगतं ते?" उल्बोसिनने विचारलं.

"हलते की जमीन, आपा. चांगलीच हलते." मोल्दिर रेघेवर बोट फिरवत होती. "गाडीच्या वजनाने रूळ खाली दबतो, स्लीपर दबतो, खडीतून ते मातीत उतरतं आणि मातीतून पसरत इथवर येतं. रबराने वरवरचा खडखडाट खाल्लाय. पण जड गाडीचा हा मोठा हेलकावा रबराला दाद देत नाही. मला तर इथं उभ्या उभ्या पायांना कळलं. अतांना कसं..."

ती थांबली. तिची नजर कपाटाकडे गेली. वाडग्यांच्या मधून डोकावणाऱ्या नमद्याच्या कडा, कपाटाच्या पायांखालचे तुकडे, बादलीखालची घडी. मुलगी हुशार होती.

"आपा," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

उल्बोसिनने तिचा हात धरला. तिला रडायचं नव्हतं, पण डोळ्यांनी ऐकलं नाही. "पोरी, साखरेने पाय गेलेत त्यांचे. त्यांना माहीत नाही. माहीत झालं की जनावरं विकून शहरात जातील, आणि तिथं जगायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तुझ्या कचेरीला काय ते खरं सांग. त्यांना सांगू नकोस."

"पण रूळ ओलांडतात ना ते रोज?"

"मी असते की मागे."

"मागे असून काय उपयोग, आपा? पुढे का नाही चालत?"

"नवऱ्याच्या पुढून? डोकं फिरलंय का तुझं?" उल्बोसिन खरोखर दचकली. "उद्या म्हणशील जेवायलाही आधी बस."

मोल्दिर पेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं सांगणार नाही, आपा. पण मी जे बोलेन ते त्यांच्यापर्यंत तुम्हीच पोचवणार आहात ना?"

चहाची तयारी झाली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर तळलेल्या कणकेचे बौरसाक, लोणी, सांडणीच्या दुधाचं आंबट शुबात. उल्बोसिन सामोवारापाशी बसली. पाहुणीला अर्धीच वाडगी चहा ओतला. काठोकाठ भरली तर लवकर घालवायचंय असं होईल. सारसेन मुख्य जागेवर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून न्याय ऐकायला आल्यासारखा मुलीकडे पाहू लागला.

"हं, सांग पोरी. काय म्हणतं तुझं यंत्र?"

मोल्दिर त्याच्याकडे बघून सावकाश म्हणाली, "अता, यंत्राप्रमाणे जमीन अजून हलते. पूर्वीपेक्षा थोडीच कमी."

सारसेनने बायकोकडे पाहिलं. उल्बोसिनने ओठ हलवले. "म्हणते, जमीन अगदी थोडी हलते. पूर्वीपेक्षा फार कमी."

"सांगितलं नव्हतं मी!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. त्याचा चेहरा इतका उजळला की उल्बोसिनला तिकडे बघवेना. "सगळे म्हणत होते म्हातारा चळला. ती कामशात हसत होती. आता हसा म्हणावं! मग पोरी, काढणार का रबर?"

"काढता येणार नाही, अता. पण वाटेवर दिवा बसवा असं मी लिहीन. गाडी येताना पेटणारा."

"दिवा देतील म्हणते," उल्बोसिन म्हणाली. हे मात्र तिने जसंच्या तसं सांगितलं.

"दिवा! मला दिवा!" सारसेन खो खो हसला आणि वाडगी पुढे केली. "ओत गं. आज जिभेवर चव आहे."

ती चहा ओतत होती तेव्हाच तिच्या पायांना कळलं. भरलेली. पूर्वेकडून. तिने कपाटाकडे पाहिलं, वाडग्या गप्प. दिवा गप्प. दस्तरखानाखाली जाड नमदा, त्यावर गाद्या. सगळं जागच्या जागी होतं. मग तिला ती बाटली दिसली.

मोल्दिरने आपली पाण्याची बाटली भिंतीशी, डबीच्या शेजारी, उघड्या जमिनीवर ठेवली होती. दक्षिणेच्या खिडकीतून आलेलं ऊन बाटलीवर पडलं होतं आणि पाण्यातून उडून समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर एक उजेडाचा कवडसा बसला होता. तो कवडसा थरथरत होता. सारसेनच्या अगदी नजरेसमोर.

उल्बोसिन उठायला गेली. बाटली उचलावी, उन्हात उभं राहावं, काहीतरी सांडावं. पण तिच्या हातात उकळत्या चहाची किटली होती, आणि सारसेन आधीच भिंतीकडे बघत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दस्तरखानाची कड मागे सारली, नमदा उलटला, आणि उजवा तळहात उघड्या जमिनीवर टेकला.

आजवर त्याने असा हात कधी टेकला नव्हता. सुचलं नव्हतं, की भीती वाटत होती, देव जाणे. गाडी लांबलचक होती. ती सगळी जाईपर्यंत म्हातारा हात टेकून बसला. त्याच्या तळहाताला जमीन सांगत होती आणि दुमडलेल्या पायांना ती काहीच सांगत नव्हती. भिंतीवरचा कवडसा हळूहळू स्थिर झाला. त्याने हात काढला, त्याला लागलेली माती झटकली, नमदा पुन्हा नीट अंथरला.

मोल्दिरची मान खाली होती. सारसेनने चहा संपवला आणि, आता पुरे म्हणून, वाडगी आडवी करून ठेवली. एरवी तो सामोवार रिकामा होईपर्यंत वाडगी आडवी करत नसे.

"चांगलं यंत्र आहे पोरी तुझं," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

दुपारच्या गाडीने मोल्दिर गेली. जाताना तिने उल्बोसिनला मिठी मारली आणि "बाटली," एवढंच म्हणून रडली. "जाऊ दे गं," उल्बोसिन म्हणाली, "तुला काय माहीत." सारसेन दिवसभर गोठ्यात होता. गाभण पांढरीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता, असं कामशातने येऊन सांगितलं. जेवताना त्याने रबराचं नाव काढलं नाही. उल्बोसिन वाट बघत होती की आता म्हणेल, झोमार्टला फोन लाव. तो म्हणाला नाही, आणि न म्हणण्याने तिचा जीव जास्तच टांगणीला लागला.

सकाळी ती सामोवार पेटवत होती. लाकडं ओली होती, धूर डोळ्यांत जात होता, आणि मागून किण्, किण्, किण् असा आवाज आला. ती वळली. कपाटात वाडग्या एकमेकींना लागून वाजत होत्या. बाहेरून गाडी जात होती. कपाट उघडून पाहिलं तर एकाही वाडगीखाली चकती नव्हती. सगळ्या चकत्या खिडकीच्या फळीवर एकावर एक, कडा जुळवून ठेवल्या होत्या. रेल्वेत असताना तो हत्यारं ठेवायचा तशा. ज्याला ती किणकिण ऐकू येणार नव्हती त्याने ती घरात परत आणून ठेवली होती, ज्या एका माणसाला ऐकू येईल त्याच्यासाठी. उल्बोसिन कपाटाला धरून उभी राहिली आणि तिला हुंदका आवरेना.

सारसेन दारात बूट चढवत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "चल. उंटिणी वाट बघतायत."

दोघं वाटेने निघाली, नेहमीसारखी, पुढे पाठ आणि मागे ती. पांढरीचे दिवस भरत आले होते, आकाश ढगाळ होतं, टेकडीच्या कापात धुकं साठलं होतं. रुळांपासून चार पावलांवर तो थांबला. बूट रोवले, डोळे किलकिले केले. तिने सवयीने हात त्याच्या चापानाच्या पाठीजवळ नेला.

तो उभाच राहिला. मग त्याने वाट सोडली. बाजूच्या वाळक्या गवतात, जिथे वडीलधारा जाईपर्यंत बायका उभ्या राहतात, तिथे तो जाऊन उभा राहिला.

"जा," तो म्हणाला.

उल्बोसिनला कळेना. "कुठे?"

"पुढे."

"अहो, काहीतरीच काय. लोक बघतील."

"कोण बघणार? कामशात? तिला हसायला काहीतरी पाहिजेच." मग आवाज जरा खाली आणून, म्हणजे त्याच्या मते खाली आणून, तो म्हणाला, "हाताने कळतं मला. पण रोज इथं गुडघे टेकले तर उठवणार कोण? तू जा पुढे. तुझे पाय शाबूत आहेत."

तिने काही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याने नजर दुसरीकडे वळवली. ऐकायचं नसलं की तो तसंच करी.

"पांढरी विऊ दे," कापाकडे बघत तो म्हणाला. "पिल्लू उभं राहू दे, चालू लागू दे. मग झोमार्टला फोन लाव. तोवर तू पुढे."

उल्बोसिनने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ती त्याच्या समोरून गेली. आईची आठवण झाली आणि मान आपोआप खाली गेली. रुळांपाशी ती उभी राहिली, तो राहायचा तशी, बूट रोवून. आधी स्वतःच्या छातीचे ठोकेच ऐकू आले. मग खालून, फार लांबून, काहीतरी कण्हलं.

तिने हात वर केला, मागे न बघता. मागे तोही थांबला. धुक्यातून गाडी आली, गेली. शेवटची टाकी गेल्यावरही ती माती शांत होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "चला." त्याला ऐकू येणार नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तोच हात खाली करून मागे धरला.

त्याने हात धरला नाही. तिच्या पाठीवर सुटलेलं रुमालाचं टोक मात्र चिमटीत पकडलं.

दोघांनी रूळ ओलांडले. पलीकडच्या वाटेवर लागल्यावर उल्बोसिनला मागून आवाज येऊ लागला. तिचा नवरा डावा पाय उचलत नव्हता, खडीवरून ओढत होता. सतत त्याच्या मागे चालूनही हे तिने कधी ऐकलं नव्हतं. त्याची पाठ ताठ होती आणि ती पाठच बघत आली होती. तिने चाल थोडी कमी केली आणि उंटिणींकडे निघाली.